धाग्यांनी ऐकलेलं

श्रीलता येमूलनं स्वतःचा तेविसाव्या वर्षीचा बोलतानाचा आवाज अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा ऐकला. तो कुठल्या टेपवर राहिलेला नव्हता की कुठल्या फोनमध्ये. सोलापूरच्या एका मागावर ताणलेल्या सुती धाग्यांमधून तो काढलेला होता.

"काय बे श्री, परत चुकलीस," आधी दुसराच एक आवाज आला. मागोमाग दोन मुली हसायला लागल्या. एकीचं हसू थांबतंय असं वाटलं की दुसरीचं सुरू व्हायचं. मग तिचा आवाज आला, जरा खरखरीत, विहिरीत वाकून बोलल्यासारखा. "मी नाही चुकले. गाणंच पळतंय."

श्रीलतानं टेबलाची कड घट्ट धरली. समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या गौतमी शिराळकरनं आवाज थांबवला आणि पाण्याची बाटली पुढं सरकवली.

"ताई, बरं वाटतंय ना?"

"लाव परत," श्रीलता म्हणाली.

बाहेर उन्हाची सुट्टी चालू होती. आता सोलापुरात मार्चपासूनच दुपारची चार तास कामं बंद ठेवावी लागत. श्रीलता आणि तिचा नवरा व्यंकटेश यांच्या गणवेशांच्या कारखान्यातली सगळी यंत्रं थांबली होती, आणि त्या शांततेत दोन मुलींचं हसू पुन्हा एकदा ऑफिसभर पसरलं.

त्या दोघींचं नाव होतं 'चिंचगूळ'. श्रीलता येमूल आणि केतकी उंबरजे. दोघी एकाच कॉलेजात होत्या, तिथल्या स्नेहसंमेलनात दोन वर्षं एकमेकींविरुद्ध गायल्या आणि तिसऱ्या वर्षी एकत्र. २०१२ साली त्यांचं एकच गाणं आलं, 'पत्ता बदललाय माझा'. पण त्या एका गाण्यानं वर्षभर महाराष्ट्रात उच्छाद मांडला. रिक्षात तेच, गणपतीच्या मांडवात तेच. कुणालाही फोन लावावा तर पलीकडून आधी तेच गाणं ऐकू यायचं:

*पत्ता बदललाय माझा, विचार कुणालाही,*
*त्याच गल्लीत राहते, पण सापडत नाही.*

दुसरं गाणं आलंच नाही. केतकी मुंबईला गेली, श्रीलता सोलापुरात राहिली. गेल्या पस्तीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

गौतमी पुण्याच्या एका ध्वनी-प्रयोगशाळेत काम करायची. जुनी लोकप्रिय गाणी कशी तयार झाली, यावर एक मालिका निघत होती आणि 'चिंचगूळ'च्या गाण्याचा भाग तिच्याकडं आला होता. व्हिडिओचा दिग्दर्शक हेरंब दाते दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या घरच्यांनी कपाटातली एक जुनी हार्डडिस्क प्रयोगशाळेला दिली. तिच्यात चित्रीकरणाचे सगळे तुकडे होते, कापून टाकलेलेसुद्धा. पण सगळे मुके.

"मुके कसे?" श्रीलतानं विचारलं होतं.

"तुमचा व्हिडिओ स्लो-मोशनमध्ये आहे ना. तेव्हाच्या त्या कॅमेऱ्यांत स्लो-मोशनला आवाज नोंदलाच जायचा नाही."

"मग हा कुठून आला?"

गौतमीनं आपल्या ओढणीचा एक दोरा ओढून दोन बोटांत ताणून धरला आणि त्याच्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "श्रीलताताई." मग दोरा दाखवत म्हणाली, "आत्ता हा हलला. डोळ्यांना दिसणार नाही इतका कमी, पण हलला. आवाज म्हणजे हवेचे धक्केच. समोर जे काही हलकं असेल ते त्या धक्क्यांनी थरथरतं. वेफर्सचं पाकीट, झाडाचं पान, ताणलेला धागा. आणि तुमच्या व्हिडिओत तर मागावरचा अख्खा ताणा आहे. शेकडो धागे."

"पण कॅमेरा एका सेकंदाला फोटो काढून काढून किती काढणार? आवाज तर त्याच्यापेक्षा लई वेगात हलतो."

हा प्रश्न ऐकून गौतमीला बरं वाटलं. "तीच तर गंमत आहे. ते कॅमेरे अख्खं चित्र एकदम टिपायचे नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत यायचे. म्हणजे वरची ओळ टिपली जाते तेव्हाचा क्षण वेगळा आणि खालची टिपली जाते तेव्हाचा वेगळा. एका चित्रात असे शेकडो क्षण एकाखाली एक साठलेले असतात. धाग्याची कड कुठल्या ओळीत किती सरकलीय ते मोजलं, की आवाज परत उभा करता येतो. एका धाग्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण शेकडो धागे जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा यंत्र त्यांचं ऐकतं."

पूर्वी हे फक्त प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत जमायचं. गेल्या चार-पाच वर्षांत नवी यंत्रं आली आणि जुन्या, खराब, दाबून बारीक केलेल्या व्हिडिओंतूनही बोलणं निघायला लागलं. लग्नाच्या मुक्या कॅसेटी, बंद खोल्यांच्या खिडक्या, सगळंच बोलायला लागलं तेव्हा सरकारला कायदा करावा लागला. असा काढलेला आवाज ज्याचा त्याच्याच मालकीचा. माणूस हयात नसेल तर वारसाच्या. संमतीशिवाय तो कुणालाही ऐकवायचा नाही.

म्हणून गौतमी संमती घ्यायला सोलापूरला आली होती.

तिनं एकेक तुकडा लावला तसे चित्रीकरणाचे ते दोन दिवस श्रीलताच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. हेरंबकडं पैसे नव्हते, स्टुडिओ नव्हता. एक कॅमेरा होता, तोही मित्राचा. केतकीनं सांगून टाकलं, "श्रीच्या घरी माग आहेत की." श्रीलताच्या वडिलांचे आठ यंत्रमाग होते. घरात तेलुगू बोलत, वडिलांना ती नायना म्हणायची. आई गेल्यापासून घरात ते दोघंच. नायना फार बोलणारे नव्हते. पोरींनी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त मागांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "शनिवार-रविवार बंद ठेवतो."

मागांवर निळा ताणा चढवलेला होता. हेरंब तो बघून खुळावल्यासारखा झाला. त्या निळ्या धाग्यांच्या पडद्याआडून दोघी गाणार आणि सगळं संथ, पाण्यात चालल्यासारखं दिसणार, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, दोघींनी त्या वेगानं ओठ हलवायचे, आणि नंतर चित्र निम्म्या वेगावर आणलं की ओठ बरोबर जुळतात. पण दुप्पट वेगानं ते गाणं चिमण्या भांडल्यासारखं ऐकू यायचं. प्रेमाच्या ओळीवर गंभीर चेहरा करायचा आणि स्पीकरमधून चिवचिव. दोघींना हसू आवरायचं नाही.

हे सगळं त्या तुकड्यांत होतं. केतकीची भूक होती. "हेरंब, आता कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळाल्याशिवाय माझे ओठ हलणार नाहीत." श्रीलताची तक्रार होती, की केसात सुताचा कोंडा जातोय. एका तुकड्यात दोघी कॅमेऱ्याला पाठ करून बसल्या होत्या आणि हळू आवाजात, अगदी सावकाश, नेहमीच्या वेगानं ते गाणं गात होत्या. कुणासाठीच नाही. केतकीचा आवाज वर, श्रीलताचा खाली. गाण्याच्या शेवटी केतकी म्हणाली, "आपण म्हाताऱ्या झालो तरी हे असंच म्हणायचं."

श्रीलता म्हणाली, "तिनं दिली संमती?"

"केतकीताईंनी? त्यांच्या भागाला लगेच दिली. म्हणाल्या, श्री देत असेल तर माझी आहेच."

"माझीही घे."

गौतमीनं लॅपटॉप मिटला नाही. "ताई, आणखी एक तुकडा आहे. तो तुमच्या वडिलांचा आहे. वारस म्हणून तो आधी फक्त तुम्हालाच ऐकवायचा असा नियम आहे. तुम्हाला नको असेल तर मी तो पुसून टाकते."

नायना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. त्यांचा आवाज कुठंच नव्हता. "लाव," श्रीलता म्हणाली.

चित्रात धागे स्पष्ट होते आणि त्यांच्यामागं सगळं धूसर. हेरंब धाग्यांवर कॅमेरा जमवत असणार. त्या धुसरात दोन आकृत्या उभ्या होत्या, एक केतकीची लाल ओढणी आणि एक नायनांचा पांढरा शर्ट. चेहरे दिसत नव्हते. मधेच कॅमेऱ्यासमोरून पांढरं काहीतरी सरकत गेलं. श्रीलता तेव्हा कपडे बदलायला घरात गेलेली असावी.

"लई चांगलं गाता तुम्ही दोघी," नायना म्हणाले. त्यांचं ते तेलुगू वळणाचं मराठी, प्रत्येक शब्दाच्या शेवटी किंचित दाब. "केतकी, एक सांगतो तुला. हिला मुंबईला घेऊन जाऊ... नको. माझं मी बघतो."

धूसर लाल आकृतीनं मान हलवली. तुकडा संपला.

श्रीलता उठून खिडकीशी गेली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, ऊन होतं.

गाणं गाजलं तेव्हा मुंबईच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. केतकीनं पंधरा दिवसांत जायचं ठरवलं. जायच्या दिवशी ती बसस्टँडवर श्रीलताला म्हणाली, "येतेस?" बस लागलेली, पिशव्या चढवलेल्या, आणि तेव्हा विचारते, येतेस? श्रीलता म्हणाली, "नायनांना सोडून?" केतकी जरा थांबली. मग म्हणाली, "बघ." आणि बसमध्ये चढली.

तो 'बघ' श्रीलताच्या मनातून कधी गेला नाही. जिला खरंच न्यायचं असतं ती असं विचारते का? भांडली असती, हात धरून ओढलं असतं, नायनांच्या पाया पडली असती. श्रीलतानं मनाशी पक्कं धरलं होतं, की केतकीला ती नकोच होती. आणि आता हे. म्हणजे केतकीला नायनांनीच अडवलं होतं.

"पुसून टाकू?" गौतमीनं विचारलं.

"नको. राहू दे. मी कळवते."

संध्याकाळी व्यंकटेशनं जेवताना विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो कारखान्यात शांत म्हणून ओळखला जायचा. त्यानं ऐकून घेतलं, ताटातला घास तसाच राहिला.

"तुला जायचं होतं?" त्यानं विचारलं.

तिनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर जमलं असतं. पण दुपारभर ती त्या दोन मुलींचं हसू ऐकत होती. "होतं," ती म्हणाली. "लई जायचं होतं."

"गेली असतीस तर आपलं लग्न झालं नसतं."

"नसतं."

"आणि वरुण पण नसता." वरुण त्यांचा मुलगा, हैदराबादला असतो.

"मी तसं कुठं म्हणतेय?"

"तू म्हणत नाहीस. ते यंत्र म्हणतंय." त्यानं ताट उचललं. "पस्तीस वर्षांमागचं उकरून काय मिळतं लोकांना?"

ती भांडली नाही. आवराआवर करताना तिच्या कानात नायनांचाच आवाज घुमत होता. आधी फक्त 'नको' ऐकू येत होतं. मग हळूहळू त्याच्यापुढचं वाक्य आलं. माझं मी बघतो. मुलीला पाठवायचं नसेल तर माणूस असं का म्हणेल? ती घरी राहणार असेल तर त्यांना स्वतःचं बघायची वेळ कशाला येईल? आणि आणखी एक गोष्ट खटकत होती. 'जाऊ' आणि 'नको'मध्ये नायना घसा साफ करत थांबले होते. आठ मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस बोलताना थांबत नसतो. जे काय ते एका दमात ओरडून मोकळा होतो.

सकाळी तिनं गौतमीला फोन केला. "तो तुकडा सगळा धाग्यांतूनच आलाय का?"

"ताई, मी कालच सांगायला हवं होतं. सगळा नाही. मध्ये एक माणूस उजेड वळवायचा थर्माकोलचा मोठा तक्ता घेऊन कॅमेऱ्यासमोरून जातो. तेवढा वेळ धागे झाकले गेलेत. झाकल्यावर आमच्याकडं काहीच उरत नाही."

"मग मधलं कुणी भरलं?"

"यंत्रानं. आधी 'घेऊन जा' मिळालं, नंतर 'नको' मिळालं. मधली जागा काय असेल याचा ते अंदाज करतं. लाखो लोकांचं बोलणं शिकलेलं असतं, त्यातलं जे सगळ्यात जास्त वेळा येतं ते बसवतं. 'घेऊन जा' आणि 'नको' यांच्यामध्ये सगळ्यात जास्त काय येणार? एक 'ऊ'. उरलेल्या वेळात त्यानं घसा साफ केल्याचा आवाज घातला."

"म्हणजे माझ्या बापाच्या तोंडी यंत्रानं शब्द घातला."

"हो," गौतमी म्हणाली. तिनं सबब सांगितली नाही, म्हणून श्रीलताला ती आवडली.

"तिथं किती बोलता येईल? त्या झाकलेल्या वेळात?"

"एखादं छोटं वाक्य. नक्की काय, ते कुणालाच काढता येणार नाही. ते फक्त तिथं उभ्या असलेल्या माणसाला माहीत."

तिथं उभ्या असलेल्या दोघांपैकी एकच जिवंत होतं.

केतकी आता तळेगावला राहत होती. श्रीलता तिथं एकटीच गेली. व्यंकटेशनं तिकीट काढून दिलं, स्टेशनवर सोडलं, आणि गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन इतकंच म्हणाला, "काही निघालं तरी फोन कर."

केतकीचं घर लहान होतं, मागं आंब्याची चार झाडं. दार तिनंच उघडलं. केस पूर्ण पांढरे, कापलेले. अंगानं निम्मी झालेली. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"जाड झालीस," केतकी म्हणाली.

"तू वाळलीस."

"ये आत."

चहा झाला. आधी मुलांचं झालं, मग गुडघ्यांचं. केतकीनं दहा वर्षं सिनेमात गायलं होतं, मग जाहिरातींत. मग कंपनीनं तिचा आवाज यंत्राला शिकवून घेतला. "आता माझा आवाज कामाला जातो आणि मी घरी बसते," ती म्हणाली. "परवा रेडिओवर तांदळाची जाहिरात लागली. मी गातेय. मला पत्ताच नाही." तिचा खरा आवाज मात्र खोल गेला होता, चिरकत होता.

श्रीलतानं पिशवीतून फोन काढला आणि तो तुकडा लावला. यंत्रानं भरलेली जागा काढायला सांगून तिनं गौतमीकडून तो नव्यानं मागवला होता. 'घेऊन जा'नंतर आता शांतता होती, मग 'नको'.

केतकीनं पहिल्याच शब्दाला डोळे मिटले. संपल्यावरही उघडले नाहीत.

"मधे काय म्हणाले?" श्रीलतानं विचारलं. "खरं सांग. मला आता कुणाचाच राग धरायचा नाही. फक्त काय म्हणाले ते सांग."

"'हिला मुंबईला घेऊन जा. पण मी बोललो म्हणून सांगू नको. माझं मी बघतो.'" केतकीनं ते अगदी सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत सांगितलं. पाठ असल्यासारखं.

श्रीलतानं फोन उलटा ठेवला.

"मी विचारलं त्यांना, तुम्हीच का सांगत नाही तिला. म्हणाले, मी जा म्हटलं तर तिला वाटेल बापाला जड झाली. तिची आई गेली तेव्हापासून ती मला धरून बसलीय. तिचं तिला ठरवू दे. तू फक्त विचार. तेवढ्यात हेरंबनं कॅमेरा हलवला असेल. हे त्यात आलेलं दिसत नाही."

"म्हणून तू विचारलंस. येतेस."

"हो."

"आणि मी म्हटलं, नायनांना सोडून?"

"तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं, श्री. अगदी इथपर्यंत." केतकीनं गळ्याला हात लावला. "'तेच म्हणालेत जा,' असं मी सांगणार होते. पण शब्द दिला होता त्यांना. म्हणून म्हटलं, बघ."

पस्तीस वर्षं श्रीलता ज्या एका शब्दाला उलटून पालटून बघत आली होती, त्याच्याआड हे होतं. ती नायनांसाठी राहिली होती. नायनांना वाटलं, तिला राहायचंच आहे. दोघं आधी एका घरात, मग एका गावात, बारा वर्षं एकमेकांना सांभाळत राहिले, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही.

"एक वाक्य," ती म्हणाली. "एक वाक्य बोलली असतीस केतू."

"हो." केतकीनं मान खाली घातली. "आणि सगळं शब्दापायी झालं असं नाही. कंपनीला एकच चेहरा हवा होता. तू आली असतीस तर मला त्यांच्याशी भांडावं लागलं असतं. तू नाही म्हणालीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. मग तुला फोन करायला तोंड राहिलं नाही. नायना गेल्याचं कळलं तेव्हा वाटलं, आता सांगावं. पण तोवर तुझं घर, तुझा मुलगा. आता सांगून मी तुला काय देणार होते?"

श्रीलता रडली. केतकी उठून तिच्याशेजारी येऊन बसली, पण तिला हात लावायची तिची हिंमत होईना. शेवटी श्रीलतानंच तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बाहेर आंब्यावर कुणी तरी पक्षी मोठ्यानं ओरडत होता. खूप वेळानं केतकी म्हणाली, "जेवून जाशील ना? आमटी चिंचगुळाची आहे," आणि दोघी त्या तुकड्यातल्यासारख्या हसल्या, एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू.

घरी परतल्यावर तिनं व्यंकटेशला शब्दन् शब्द सांगितला. तो कारखान्याच्या पायरीवर बसून ऐकत होता.

"तुझ्या नायनांनी मला पण विचारलेलं," तो म्हणाला.

"काय?"

"लग्न ठरलं तेव्हा. हिला गाऊ देशील का म्हणाले. मी म्हटलं, देईन की. मग तू गायलीच नाहीस कधी. मला वाटलं, सोडलंस. त्या पोरीचा राग असेल म्हणून विषय काढला नाही मी."

"तू पण?" श्रीलता म्हणाली.

"मी पण," व्यंकटेश म्हणाला, आणि तिच्यासाठी पायरीवर जागा केली.

गौतमीचा शेवटचा फोन आठवड्यानं आला. तिनं केतकीचं सांगणं ऐकलं होतं. ती जपून बोलत होती. "ताई, आता मधले शब्द कळलेत. वडिलांचा आवाज आपल्याकडं आहे. तुमची संमती असेल तर ते वाक्य त्यांच्या आवाजात पूर्ण करता येईल. कुणाला फरक कळणार नाही. तुम्हालासुद्धा नाही."

श्रीलतानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. नायनांच्या तोंडून 'घेऊन जा' हे पूर्ण वाक्य ऐकायला मिळणार होतं. त्यासाठी तिनं काय दिलं नसतं. ती माळ्यावरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली शिलाईची यंत्रं सुरू झाली होती.

"नको," ती म्हणाली. "ते त्यांनी केतकीला सांगितलंय. तिनं मला सांगितलं. तेवढं मला पुरतंय."

"आणि तो तुकडा मालिकेत?"

"चित्र राहू दे. ते दिसू देत सगळ्यांना. आवाज नको. वरून गाणं लाव."

दिवाळीच्या आधी तो भाग तयार झाला आणि सोलापुरातल्या एका सभागृहात पहिल्यांदा दाखवला गेला. श्रीलता आणि केतकी पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसल्या, व्यंकटेश पलीकडं. ज्यांच्या फोनवर कधीकाळी ते गाणं वाजायचं ते लोक आता पन्नाशी-साठीचे होते. चिवचिवणाऱ्या गाण्यावर दोन पोरी गंभीर चेहरा करायला बघतात तेव्हा सभागृह हसून हसून बेजार झालं. 'आपण म्हाताऱ्या झालो तरी' हे वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग निळे धागे आले. त्यांच्यामागं लाल ओढणी आणि पांढरा शर्ट, काहीतरी बोलणारा, आणि वरून गाण्याचं संथ कडवं. श्रीलतानं पापणी न लववता ते पाहिलं. थर्माकोल गेला, धागे परत दिसले, लाल आकृतीनं मान हलवली.

कार्यक्रम संपल्यावर प्रश्न झाले. आदल्याच आठवड्यात केतकीनं कारखान्यात येऊन श्रीलताबरोबर सूर लावून बघितला होता. तो दोघींचाही नीट लागला नव्हता, तरी लोकांच्या आग्रहाखातर त्यांनी दोन ओळी म्हटल्या. केतकीचा आवाज आता खाली होता, म्हणून श्रीलतानं वरचा घेतला. मग कॉलेजात शिकणारी एक मुलगी माइक हातात घेऊन उभी राहिली.

"श्रीलतामॅम, धाग्यांच्या मागं ते पांढऱ्या शर्टातले काका कोण आहेत?"

"माझे वडील. ते माग त्यांचेच."

"बाकी सगळ्यांचं बोलणं ऐकू आलं. त्यांचंच नाही आलं. ते केतकीमॅमना काय सांगत होते?"

केतकीनं श्रीलताकडं बघितलं. सगळं सभागृह वाट बघत होतं. श्रीलतानं माइक तोंडाजवळ घेतला.

"सांगू नको म्हणालेत ते," ती म्हणाली.

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. केतकीनं खाली, कुणाला दिसणार नाही असा, तिचा हात घट्ट धरला होता.